पेवातला कंदील : शॉर्टफिल्मच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

आज परवानगी मिळाली, लेखी. लेखकांच्या मुलीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं की वडिलांच्या कादंबरीवर चौदा-पंधरा मिनिटांची फिल्म करायला हरकत नाही, फक्त कादंबरीचं आणि घराण्याचं नाव बाहेर कुठं येऊ देऊ नका, गावात अजून ती माणसं आहेत. म्हणून या नोंदींतही नाव नाही. लेखक जाऊन अकरा वर्षं झाली, दोनशे-तीनशे प्रती छापलेल्या, त्यातली एक मला सांगलीत वखारभागात रद्दीच्या दुकानात मिळाली होती, कॉलेजात असताना. तेव्हापासून डोक्यात आहे. मित्र म्हणाला कशाला परवानगी, कोण बघतंय. पण आपल्याकडं लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क घरच्यांकडे राहतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यांच्या घरात न विचारता शिरायचं हे मला पटत नाही.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. सांगलीजवळचं हरिपूर, साठचं दशक, हळदीचा व्यापार करणारं घर. दोन भाऊ. धाकट्याला वाटणी पाहिजे, थोरल्याला द्यायची नाही. हळद ठेवायचं पेव, म्हणजे जमिनीतलं खोल कोठार, उघडतात, थोरला कंदील सोडून हवा बघतो (विझला तर खाली श्वास घ्यायला हवा नाही), धाकटा उतरतो आणि वर येत नाही. सगळे म्हणतात अपघात. पूर्ण कादंबरी थोरल्याच्या तोंडून आहे, आणि एकशे बाराव्या पानावर तो एक वाक्य लिहितो की कंदील विझलेला मला दिसला होता. बास. त्याच्या पुढं सत्तर पानं तो त्या वाक्याभोवती फिरत राहतो.

फिल्म ब्लॅक अँड व्हाइटच करायची हे पहिल्या दिवसापासून ठरलंय. का ते मला तेव्हा नीट सांगता येत नव्हतं.

११ जानेवारी

पहिला ड्राफ्ट झाला, बावीस पानं, आणि वाचून पोटात खड्डा पडला. सगळा व्हॉइसओव्हर आहे. थोरला बोलतोय, बोलतोय, बोलतोय आणि पडद्यावर आपण त्याच गोष्टी बघतोय. कादंबरीतली वाक्यं इतकी चांगली आहेत की एकही सोडवत नाही, हाच प्रॉब्लेम. साउंडवाला मित्र वाचून म्हणाला, हे डोळे मिटून ऐकलं तरी चालंल की रे, मग कॅमेरा भाड्यानं कशाला घ्यायचा? लागलं, पण खरं बोलला.

१४ जानेवारी

संक्रांत उद्या आहे, पण कॅमेरावाला उद्या नाही म्हणून आजच सगळ्यांना घरी बोलावलं, तिळगूळ उरकला आणि 'कुंकू' पुन्हा बघितला. प्रभातचा, १९३७ चा. मागं दोनदा बघितला होता पण आज वही घेऊन.

हा मुद्दाम बघायचा होता, कारण तोही कादंबरीवरून आहे. नारायण हरी आपट्यांची 'न पटणारी गोष्ट'. आणि आपटे आपल्याच भागातले, जन्म समडोळीचा, पुढं आयुष्य साताऱ्याकडं कोरेगावला. समडोळी इथनं किती लांब, बाइकवर अर्ध्या तासाच्या आत. आमच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, सगळे शाळेत मराठी शिकलेले. म्हाताऱ्या बिजवराशी लावलेलं लग्न न मानणारी मुलगी, हा विषय म्हणजे परत आपल्याच गावात येतो, कारण जरठ-कुमारी विवाहावरचं 'संगीत शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे, ते नाटक १८९९ चं. म्हणजे नाटक, मग कादंबरी, मग सिनेमा. एकच जखम तीन पिढ्या वेगवेगळ्या हत्यारानं उघडून बघतायत असं वाटलं.

आज लक्षात आलेल्या दोन गोष्टी. एक, पूर्ण सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते त्या घरातलंच, ग्रामोफोन, भांडी, पावलं, भिंतीवरचं घड्याळ. दिग्दर्शक शांतारामबापूंनी हे १९३७ मध्ये केलं, जेव्हा सिनेमा म्हणजे गाणी असा काळ होता. त्यामुळं ते घड्याळ काय कानात बसतं. काकासाहेबांचं, म्हणजे त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं वय, त्यांची भीती, त्यांची लाज, हे सगळं कुणीच बोलून दाखवत नाही, घड्याळ बोलतं.

दोन, केशवराव दाते. त्यांचा म्हातारा खलनायक नाही. चुकीचं करतोय हे त्यालाही कळतंय आणि ते कळत जाणं चेहऱ्यावर दिसत राहतं. त्याची कीव येते आणि राग पण जात नाही. आमचा थोरला असाच पाहिजे.

ठरलं : संगीत नाही. व्हॉइसओव्हर नाही. आता घड्याळाच्या जागी आमच्याकडं काय आहे ते शोधायचं. दोर आहे, कंदील आहे, हळद आहे.

२१ जानेवारी

आजचा दिवस हळदीचा. आईच्या डब्यातली दोन चमचे हळद पांढऱ्या पंचावर ओतली, खिडकीतल्या उजेडात कॅमेरा लावला आणि कॉम्प्युटरवर घेऊन रंग काढून टाकला. आणि हळद गायब! म्हणजे आहे, पण पिठासारखी. पंचा पांढरा, हळद जवळजवळ पांढरी. साधं आहे म्हणा, पिवळा हा मुळातच उजळ रंग, नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचं प्रमाण, शून्य केलं की तो वर जाऊन बसतो. पण मी घाबरलो, कारण पूर्ण गोष्ट हळदीच्या घरातली आणि हळदच दिसत नसेल तर काय.

मग रिझॉल्व या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी मिक्सर उघडला, मोनोक्रोमवर (ब्लॅक अँड व्हाइटवर) टिक केली आणि लाल, हिरवा, निळा असा चित्रातला एकेक चॅनल वेगळा बघितला. फक्त लाल, हळद राखेसारखी उजळ. फक्त हिरवा, थोडी खाली. फक्त निळा, आणि हळद काळी झाली. काळी म्हणजे चुलीतल्या कोळशाच्या भुकटीसारखी काळी, आणि पंचा मात्र तिन्हीत पांढराच्या पांढरा. मी खुर्चीतनं उठलो. आईला बोलावून दाखवलं, ती बघत राहिली आणि म्हणाली, अशुभ दिसतंय रे हे, बंद कर.

कारण सोपं आहे. हळद पिवळी दिसते कारण ती निळा उजेड गिळते, लाल-हिरवा परत सोडते. निळ्या चॅनलला तिच्याकडनं काही येतच नाही. जुन्या मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल दिसायचाच नाही, त्यामुळं ओठ आणि कुंकू काळं यायचं, तोच हा प्रकार.

पण आई जे बोलली ते मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय. ब्लॅक अँड व्हाइट का, याचं उत्तर मला आज मिळालं. रंगात हळद कायम मंगल आहे, काही केलं तरी. हळदीकुंकू, हळद लागणं, अंगाला हळद, आपल्या मनात तो रंग आधीच ठरलेला आहे. रंग काढला की तीच हळद पांढरी करायची की काळी हे आपल्या हातात येतं.

२३ जानेवारी

निळा चॅनल झूम करून बघितला, नुसता मुंग्यांचा चित्रपट. सगळा नॉइज तिथंच भरलेला असतो आणि आपण ८-बिटमध्ये शूट केलं होतं. १०-बिट, ४:२:२ शिवाय, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या रेकॉर्डिंगशिवाय, जमणार नाही. भाड्याचा कॅमेरा बदलावा लागणार, दिवसाला सातशे रुपये जास्त.

२८ जानेवारी

कॅमेरावाल्यानं रात्री दीडला फोन केला, झोपला होतास का, बघ बघ म्हणून. १९३१ चा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'. स्टीव्हनसनच्या १८८६ च्या पुस्तकावरचा, दिग्दर्शक रूबेन मामूलियन, कॅमेरा कार्ल स्ट्रस. त्यात जेकिलचा हाइड होतो तेव्हा कट न मारता, एकाच शॉटमध्ये, चेहऱ्यावर काळ्या रेषा उमटत जातात. कसं केलं ते मामूलियननी कित्येक वर्षं सांगितलंच नव्हतं. चेहऱ्यावर रंगीत मेकअप आणि तशाच रंगाचा फिल्टर, त्यामुळं मेकअप दिसत नाही, मग हळूहळू फिल्टर सरकवून दुसऱ्या रंगाचा आणायचा की तो मेकअप काळा होऊन वर येतो. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळं बघणाऱ्याला रंग बदलला हे कळतच नाही. स्ट्रसनं हीच युक्ती आधी १९२५ च्या 'बेन-हर'मध्ये उलटी वापरली होती, कुष्ठरोगी बरे होतात तिथं, डाग दिसतायत आणि नाहीसे होतायत.

म्हणजे आमची हळद! मी रविवारी आईच्या डब्यावर जे बघितलं तेच या लोकांनी नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी काचेचे फिल्टर हातात धरून केलं होतं. आम्हाला तर फिल्टर पण नको, एकदा शूट करायचं आणि मिक्सर लालवरनं निळ्यावर की-फ्रेम करायचा, म्हणजे हळूहळू सरकवायचा, दहा सेकंदांत.

अजून एक. तो सिनेमा सुरू होतो तो जेकिलच्या डोळ्यांतनं, कॅमेरा म्हणजेच तो, आरशासमोर येईपर्यंत आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही. प्रथमपुरुषी कादंबरीला हे एक उत्तर झालं. मी दोन दिवस थोरल्याच्या डोळ्यांतनं पूर्ण फिल्म लिहायचा प्रयत्न केला आणि सोडला, कारण मग थोरल्याचे हात सोडून काहीच दिसत नाही आणि मला त्याचा चेहरा पाहिजे. पण हात, हे डोक्यात राहिलं.

४ फेब्रुवारी

आज आप्पांबरोबर हरिपूरला. आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले, वय ऐंशीच्या पुढं, तरुणपणी पेवांवर हमाली केलेले. त्यांच्या ओळखीच्या घराच्या परड्यात एक जुनं पेव अजून शिल्लक आहे, बुजवलेलं नाही. बाकीची बहुतेक २००५ च्या महापुरात गेली, पाणी आत शिरलं, हळद कुजली आणि नंतर फारसं कुणी पेवाच्या नादी लागलं नाही, गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आलं.

पेव म्हणजे जमिनीत पुरलेली भलीमोठी घागर समजा. तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट मोठं, आप्पा म्हणाले पंचवीस फूट तरी आहे हे. इथल्या मातीत पाणी झिरपत नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही काही नाही. तोंडावर फरशी, वर माती. आत हळद श्वास घेत असते, आप्पांचे शब्द, आणि हवा खाऊन टाकते. जड वायू तळाला साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस उतरला की गुडघ्यात मोडतो आणि वरच्याला कळत पण नाही. म्हणून फरशी काढली की तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळला तर माणूस.

आम्ही कुणीच उतरणार नव्हतो, तसा शब्द घरमालकांना दिला होता. फक्त कंदील. आप्पांनी स्वतःचा आणला होता, काचेला एका बाजूला काजळी धरलेली. काडी ओढली, वात लावली, काच खाली केली, दोराला गाठ मारली आणि सोडायला लागले, हातावर हात, हातावर हात, घाई नाही. आम्ही तिघं पालथे पडून बघत होतो. आधी भिंतीवरचा मातीचा थर उजळला, कुदळीचे जुने घाव दिसले, मग उजेडाचं वर्तुळ लहान लहान होत गेलं. तेरा-चौदा फुटांवर ज्योत आखूड झाली. लाल झाली. वातीवर नुसता ठिपका राहिला. आणि गेली. भपकन नाही, आवाज नाही, वारा नाही. इतक्या शांतपणे विझलेलं मी काही बघितलेलं नाही. छातीत धस्स झालं, खरंच, कारण खाली कुणी नव्हतं तरी मला कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

आणि मग जे झालं त्यासाठी मी ही नोंद लिहितोय. आप्पांनी कंदील वर ओढला, मांडीवर घेतला, काच उचलली, खिशातनं काडेपेटी काढली आणि पुन्हा पेटवला. काही न बोलता. संध्याकाळ झाली होती, परत जाताना परड्यात अंधार, चिखल, म्हणून पेटवला, एवढंच. पेटलेला कंदील पेवाच्या काठावर ठेवला आणि दोर गुंडाळायला लागले.

मी कॅमेरावाल्याकडं बघितलं, तो माझ्याकडं. धाकटा येतो तेव्हा त्याला काय दिसणार? काठावर पेटलेला कंदील.

५ फेब्रुवारी

रात्रभर लिहिलं. एकशे बारावं पान आता असं आहे. थोरला एकटा, कंदील सोडतो, कंदील विझतो. तो थांबतो. वर ओढतो. काडी ओढतो, पेटवतो, काठावर ठेवतो. मग घराकडं तोंड करून हाक मारतो, "ये रे."

बास. व्हॉइसओव्हरची बावीस पानं होती, ती साडेनऊवर आली. कादंबरीत ही काडी नाही. तिथं तो विझलेला कंदील बघतो आणि गप्प बसतो, पाप गप्प बसण्याचं आहे. माझ्या फिल्ममध्ये तो हातानं काहीतरी करतो. म्हणजे मी गुन्हा वाढवला का? यावर दिवसभर विचार केला. मला वाटतं कादंबरीत तो नंतर सत्तर पानं स्वतःला फसवतो की मी काही केलं नाही, फक्त बोललो नाही, आणि ते फसवणं वाचताना आपल्याला दिसत असतं. पडद्यावर गप्प बसणारा माणूस नुसता गप्प दिसतो. काडी ओढणाराही नंतर स्वतःला सांगू शकतो की परड्यात अंधार होता म्हणून पेटवला. खोटं पण नाही ते. तीच पळवाट राहते, फक्त ती आता हातात आहे.

लेखकांच्या मुलीला फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. "करा," म्हणाल्या, "बघून बोलू."

११ फेब्रुवारी

तालीम. थोरला करतायत ते सर, निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षं हौशी रंगभूमी, 'शारदे'त पण काम केलेलं. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीतास्वयंवर' इथंच केलं, तर इथला नट म्हणजे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे हे रक्तात. सरांचं "ये रे" हरिपूरपासून संगमापर्यंत ऐकू गेलं असतं. शिवाय कंदील विझल्यावर ते दचकतात, मागं सरकतात, कपाळावर हात. मी म्हटलं, सर, काहीच करू नका. ते म्हणाले, "अरे, काहीच करायचं नाही हेच सगळ्यात अवघड, थांब जरा." मग त्यांना आप्पांकडं घेऊन गेलो, आप्पांनी तासभर कंदील सोडून-ओढून दाखवला, नुसता घराच्या ओट्यावरनं. सर फक्त हात बघत होते. परत आल्यावर त्यांनी करून दाखवलं आणि "ये रे" इतकं साधं म्हणाले, जेवायला बोलावतात तसं, की वहिनींचं, म्हणजे धाकट्याच्या बायकोचं, काम करणारी मुलगी रडायलाच लागली.

१८ फेब्रुवारी

पेव बांधलं, जमिनीच्या वर. विहिरीच्या सिमेंटच्या चार फुटी रिंगा, एकावर एक तीन, आतनं माती-शेणाचा गिलावा, कुदळीचे घाव खिळ्यानं ओढून काढले. खाली काळं कापड, म्हणजे तळ नाहीच असं वाटतं. खऱ्या पेवात कुणालाही उतरवायचं नाही, या एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकलं नाही. रिंगांना, टेंपोला आणि उचलणाऱ्या चौघांना मिळून अकरा हजार गेले. वर पालथं पडून शूट करायला बांबूची परांची.

यंदा हळदीला भाव असल्यानं पोती उसनी द्यायला कुणी तयार नाही, गणपती पेठेत तीन दुकानं फिरलो. शेवटी एका अडत्यानं फक्त दोन पोती हळकुंडं दिली, वजन करून, परत पण वजन करून घेणार. ढिगाला खाली वाळू आणि वर हळद.

२४ फेब्रुवारी

शूट, पहिला दिवस. घरातले सीन, हळद निवडणाऱ्या बायका, वाटणीचं भांडण. ठीक झालं.

मॉनिटरवर ब्लू-ओन्ली मोड असतो, फक्त निळा चॅनल दाखवणारा, खरं तर रंग जुळवायला, तो लावून बघितला की शेवटी काय दिसणार ते तिथंच कळतं, फार उपयोग झाला. पण चेहरे! निळ्यात आपल्या लोकांची कातडी एकदम गडद होते, वांग, पुरळाचे डाग, डोळ्याखालची काळी वर्तुळं, लपलेलं सगळं वर येतं. सरांना ते शोभतं. वहिनीला मात्र नको होतं, ती पंचविशीतली आहे आणि आजारी दिसायला लागली. म्हणून ठरवलं, तिचे सीन लाल-हिरव्यात आणि थोरल्याचे कंदिलानंतरचे निळ्यात. एकाच फ्रेममध्ये दोघं आले की तडजोड.

२५ फेब्रुवारी

कंदिलाचा दिवस. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एकही शॉट मिळाला नाही.

कंदिलाच्या उजेडात निळं नावालाच असतं, म्हणून निळा चॅनल लावला की कंदील असून अंधार. आणि लाल लावला की पेव इतकं गोड, उबदार दिसतं की भीतीच नाही. शेवटी वर काळ्या कपड्यामागं एक थंड पांढरा एलईडी लपवला, एलईडीत निळा भरपूर असतो, त्यानं भिंतीच्या कडा तेवढ्या उचलल्या. ज्योत खरीच ठेवली. विझवायची कशी? खऱ्या पेवात जे होतं ते इथं होणार नाही, हवा आहे. वात खाली घ्यायला नायलॉनचा दोरा बांधला, ज्योत पटकन जाते, आप्पांच्या कंदिलासारखी हळूहळू आखूड होत नाही. अकरा टेक. मग साउंडवाल्यानं सुचवलं की कंदिलाच्या वरची झाकणाची भोकं ओल्या मातीनं बुजव आणि खालची पण अर्धी. हवा कोंडली. बाराव्या टेकला ज्योत आखूड झाली, लाल झाली, ठिपका झाला आणि गेली. कुणी कट म्हणालंच नाही. सरांनी स्वतःहून दोर ओढला, कंदील मांडीवर घेतला, काच उचलली, काडी ओढली. पहिली काडी विझली, वाऱ्यानं. त्यांनी दुसरी ओढली. हे लिहिलेलं नव्हतं. दोन काड्या काठावर पडल्या आणि त्यांनी त्या तशाच राहू दिल्या.

आप्पा मागं खुर्चीवर बसून बघत होते. मला म्हणाले, "असाच गेला होता एकजण. आमच्या वेळंला." कोण, कधी, ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

३ मार्च

एडिट. दोन भांडणं झाली.

पहिलं काड्यांवरनं. कॅमेरावाल्याचं म्हणणं, नंतर वहिनी परड्यात येते तेव्हा तिला काठावर त्या काड्या सापडलेल्या दाखवू, एक क्लोजअप, तिला कळतं. मी नाही म्हटलं. पोलिसी होतं ते. काड्या फ्रेममध्ये आहेतच, ती त्यांच्यावरनं चालत जाते, ज्याला दिसतील त्याला दिसतील. कादंबरीत तिला सगळं माहीत आहे आणि ती कधीच बोलत नाही, रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसते एवढंच. तेवढं पुरे.

दुसरं माझं माझ्याशीच. हळद काळी होण्याचा शॉट, ज्याच्यासाठी मी सव्वा महिना नाचत होतो. "ये रे" नंतर ढीग लावला होता, दहा सेकंदांत राखेचा कोळसा. एकटा बघितला की अंगावर काटा येतो. पण कंदिलानंतर लागोपाठ आला की सांगितल्यासारखं होतं, हे बघा पाप झालं. काडीनं जे केलंय त्याच्यावर बोट ठेवल्यासारखं. तीन वेळा लावला, तीन वेळा काढला. काढला.

तो शॉट वाया गेला नाही मात्र. शेवटी वहिनी हळद निवडायला बसते, आता विधवा, हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावणार नाही, पण मजुरीच्या हळदीनं तिचे तळवे पिवळे आहेतच, ते काही धुऊन जात नाहीत. ती हात पुढं करून बघते, मांडीवर पांढरं लुगडं. लालमध्ये तळवे आणि लुगडं सारखंच फिकं. मग चॅनल सरकतो, लुगडं पांढरंच राहतं आणि तळवे काळे होत जातात. आठ सेकंद. तिच्या दोषाचा काळा नाही हा, तिला जे कळलंय त्याचा आहे. असं मला वाटतं, बघणाऱ्याला काय वाटेल ते वाटू दे.

१७ मार्च

लेखकांच्या मुलीला दाखवली, त्यांच्या घरी, लॅपटॉपवर, खिडक्या लावून. चौदा मिनिटं वीस सेकंद. त्या काडीच्या वेळी पुढं झुकल्या. संपल्यावर उठून आत गेल्या, मला वाटलं झालं, आता नाही म्हणणार. वडिलांची हस्तलिखिताची वही घेऊन आल्या. त्या पानाच्या समासात पेन्सिलनं दोन ओळी होत्या, खोडलेल्या, त्यातला एक शब्द वाचता येत होता. काडेपेटी. बाकीचं वाचता आलं नाही, दोघांनी उजेडाकडं धरून बघितलं, नाहीच आलं.

चहा झाला. त्यांनी एकच बदल सांगितला, धाकट्याच्या पायात चपला आहेत त्या नकोत, पेवाजवळ कुणी चपला घालत नसे. त्या सीनमध्ये पाय दिसतात तो एकच शॉट आहे, तो परत घ्यावा लागणार.

२० मार्च

राहिलेली कामं. चपलेचा शॉट, रविवारी सकाळी, त्याच परड्यात. दोराचा आवाज परत रेकॉर्ड करायचा, आत्ताचा नायलॉनचा वाटतो, अंबाडीचा जुना दोर आप्पांकडं आहे. रिंगा परत. हळकुंडं वजन करून परत दिली, साडेतीनशे ग्रॅम कमी भरली, त्याचे पैसे दिले. आप्पांच्या कंदिलाची काच बाराव्या टेकनंतर तडकली, मारुती रोडला त्या मापाची मिळाली नाही, मिरजेत बघायचं. भोकातली माती टाचणीनं काढून कंदील पुसून ठेवलाय.